नेपल्सच्या आखातात तुम्ही काय पाहिलंत?

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं आठ दिवस इटलीत, नेपल्सला राहून आलो. जाण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: पॉम्पेई (सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर) एका दिवसात होतं, रोमहून सकाळच्या गाडीने जा आणि रात्री परत या. आम्ही ते ऐकलं नाही आणि तरीही आठ दिवस कमी पडले. म्हणून हा धागा. तुम्ही तिथे गेला असाल, मग ते आईवडिलांना घेऊन असो, मुलांबरोबर असो की अभ्यासासाठी, तर कुठे रेंगाळलात ते सविस्तर लिहा. एक प्रश्न मला सगळ्यांनाच विचारायचा आहे: आधी पॉम्पेई बघावं की आधी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय?

माझ्यापुरतं सांगते. आम्ही आधी पॉम्पेईला गेलो. पहिले दोन तास मी खट्टू होते. घरं मोठी, अंगणं देखणी, पण खोल्या रिकाम्या. कितीतरी भिंतींवर मधोमध चौकोनी खड्डे दिसतात, जुनी तसबीर काढून नेल्यावर दिसावेत तसे. तिथे 1748 पासून खोदकाम चालू आहे, आणि सुरुवातीच्या काळात जे सुंदर सापडलं ते भिंतीतून कापून नेपल्सच्या राजाच्या संग्रहात गेलं. चौथ्या दिवशी संग्रहालयात ती चित्रं समोर आली, तेव्हा त्यांच्या कडा मला ओळखीच्या वाटल्या. पॉम्पेईच्या एका भटारखान्यात लाव्हाच्या दगडाची कंबरेएवढी जाती होती, गाढवं जुंपून फिरवायची. आमच्या आजोळच्या जात्याचा दगडही काळा, खडबडीतच होता, म्हणून मी त्यांच्यापाशी बराच वेळ बसले होते. संग्रहालयात काचेमागे कोळसा झालेला गोल पाव दिसला, वर आठ भागांच्या खुणा. दळण आधी पाहिलं होतं, भाकरी नंतर भेटली. म्हणून माझं मत: आधी पॉम्पेई.

आता तुम्ही लिहा.

म्युनिकहून

माझं मत थोडं वेगळं आहे: आईबाबा बरोबर असतील तर आधी हर्क्युलेनियम, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं जवळचं गाव. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात. पॉम्पेईचे रस्ते मोठमोठ्या दगडी फरशांचे, त्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. तिथे उंच पायऱ्या टाळून जाणारा तीन किलोमीटरहून लांब मार्ग आखलेला आहे, अँफिथिएटरच्या बाजूच्या दारातून तो धरावा. हर्क्युलेनियम मात्र लहान आहे. नेपल्सहून लोकल गाडीने साधारण वीस मिनिटांत एर्कोलानो, म्हणजे तिथलं आजचं गाव, मग समुद्राच्या दिशेने उताराचा रस्ता. पोचल्यावर आधी कठड्यावरून खाली बघायचं: आजच्या गावाच्या पायाशी वीसेक मीटर खोल खड्ड्यात जुनं गाव दिसतं आणि त्याच्या डोक्यावर आजच्या घरांत कपडे वाळत घातलेले असतात.

बाबांचा सांगलीला सुतारकामाचा कारखाना होता. हर्क्युलेनियमच्या एका घरात दिवाणखान्याचा लाकडी पडदा उभा आहे, घडीच्या दारांसारखा, सन 79 पासून. पूर्ण कोळसा झालाय, पण पॅनेलच्या चौकटी आणि सांधे दिसतात. पॉम्पेईवर आधी हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, छपरं कोसळली. इथे मात्र अतितप्त राख आणि वायूचे लोट आले आणि त्याखाली लाकूड हवेअभावी पेटलं नाही, जागच्या जागी करपलं. त्यामुळे माळे, तुळया, फडताळं, दोरीसुद्धा टिकली. बाबांनी हात मागे बांधून तो पडदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, "सांधा आपल्यासारखाच धरलाय रे." पुढचा अर्धा तास ते कुठल्या तुळईवर किती भार आहे ते मला समजावत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं, हे तिथे उभं असताना जाणवलं.

सगळ्यात खाली जुना किनारा आहे. नावा ठेवायच्या कमानींमध्ये साधारण तीनशे माणसांचे सांगाडे सापडले, 1980 पासून पुढच्या उत्खननांत. समुद्राकडून सुटका होईल म्हणून ती माणसं तिथे दाटीवाटीने बसली होती. आता तिथे दिसतात त्या सांगाड्यांच्या प्रतिकृती. आईने मला फोन खिशात ठेवायला सांगितला. मी ठेवला.

नागपूरहून

मंगळवारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं हे कृपया ठळक लिहून ठेवा. आम्ही न बघता मंगळवारच ठरवला होता. तलम वस्त्राखालचा ख्रिस्त ज्या सानसेव्हेरो चॅपेलमध्ये आहे (1753 सालचा, शिल्पकार सानमार्तिनो), तेही मंगळवारी बंदच. शिवाय त्याचं तिकीट आधी काढलेलं बरं.

पण त्या दिवशी जे घडलं ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला आजही आठवतं. आम्ही सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या बोळात शिरलो. ही नाताळच्या देखाव्यांसाठी मातीची चित्रं करणाऱ्यांची गल्ली. बाळ येशू आणि मेंढपाळ तर आहेतच, पण त्याहून जास्त मासेवाला, भाजीवाली, पाव भाजणारा, डुलकी घेणारा म्हातारा. मुलगा ओरडला, "आई, किल्ल्यावरची चित्रं!" आम्ही दरवर्षी दिवाळीत सोसायटीच्या अंगणात किल्ला करतो. मावळ्यांबरोबर गवळण, विहीर, शेतकरी बैलजोडी आम्हीही मांडतोच की. दुपारी टेकडीवरच्या सान मार्तिनो मठातल्या संग्रहालयात गेलो. तिथे 1879 मध्ये मांडलेला कुचिनिएल्लो नावाचा प्रचंड देखावा आहे, शेकडो चित्रांचा. मुलगा तिथून हलेना. त्या वर्षी आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी नेपल्सची मासेवाली बसली होती.

पुण्याहून, पुरातत्त्वाची विद्यार्थिनी

धागाकर्त्या ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी संग्रहालय, आणि त्याहीआधी तेर.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक असतं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1970 च्या दशकातल्या उत्खननात अशाच मूर्तीचा खालचा भाग मिळाला, शेजारी सेविका असलेला. या दोन्हींची बहीण शोभावी अशी मूर्ती पॉम्पेईला सापडली. 1938 मध्ये, इटालियन पुरातत्त्वज्ञ मायुरी यांच्या उत्खननात, आबुंदान्झा रस्त्यालगतच्या एका घरात. उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन दासी, अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही. डोक्यातून खाली भोक पाडलंय, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय. 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची. त्यामुळे मूर्ती घडली कुठे यावर एकमत नाही. मला भोकरदनकडे कल देणारे पुरावे जास्त पटतात: पायातल्या वाळ्यांची चळत, केसांची मांडणी. पण हा माझा कल आहे, निकाल नाही.

नेपल्सला ती 'गुप्त दालना'त ठेवलेली आहे, पॉम्पेईतल्या शृंगारिक चित्रांच्या आणि वस्तूंच्या सोबतीत. दारात शिरताना मला राग आला होता. आपल्याकडे तशी मूर्ती तोरणावर, स्तूपाच्या दारावर असते. सुबत्तेचं ते रूप. तिला इथे का? पण तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा राग मागे पडला. हस्तिदंत पिवळट पडलाय, एका दासीच्या हातात शृंगाराची पेटी आहे, आणि एवढ्याशा मूर्तीत कंबरेच्या मेखलेचे पदर मोजता येतात. कोणीतरी मान मोडून हे कोरलं असेल.

मग तिचा रस्ता डोळ्यांपुढे आला. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या समुद्रव्यापारावरच्या ग्रीक ग्रंथात लिहिलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथला माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला यायचा. पुढे मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर तांबडा समुद्र, उंट, नाईल, अलेक्झांड्रिया, आणि तिथून जहाजाने याच आखातातलं पोत्सुओली बंदर. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. तोच प्लिनी याच आखातातल्या मिसेनमच्या रोमन आरमाराचा प्रमुख होता आणि सन 79 मध्ये उद्रेकातून माणसं वाचवायला निघाला तो आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, स्टाबियाला मरण पावला. ज्या व्यापाराबद्दल तो कुरकुरला, त्यातली एक वस्तू तेव्हा त्याच राखेखाली काही कोसांवर गाडली जात होती.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेईला ते घर शोधलं. 'भारतीय मूर्तीचं घर' असंच त्याचं नाव आहे. दार बंद होतं. मी जाळीतून आत बघत उभी राहिले. काही दिसण्यासारखं नव्हतं, तरीही.

धागाकर्तीकडून

मी त्या दालनापर्यंत गेले आणि नावाला बिचकून मागे फिरले. लक्ष्मी तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांशिवाय सोडत नाहीत, एवढाच तिथला निर्बंध आहे. वाचणाऱ्यांनी माझी चूक करू नये.

ठाण्याहून, निवृत्त भूशास्त्रज्ञ

तुम्ही सगळे घरं आणि मूर्ती बघताय, मी जमीन बघायला गेलो होतो. पोत्सुओलीत भर वस्तीत रोमन बाजारपेठेचे अवशेष आहेत. पूर्वी त्याला सेरापिस देवाचं मंदिर समजत. त्यात संगमरवराचे तीन खांब उभे आहेत, बाराएक मीटर उंच. तळाकडचा भाग गुळगुळीत, पण माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक रुंद पट्टा भोकाभोकांचा. ती भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची. म्हणजे हे खांब जमिनीवर उभारले, मग जमीन खाली गेली आणि ते तिथवर समुद्रात बुडाले, आणि पुढे जमिनीबरोबर पुन्हा वर आले. तिन्ही खांब त्या हालचालीत उभेच राहिले. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने 1830 मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. जमीन हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत हलते हे सांगायला याहून बोलका दाखला त्याला कुठे मिळणार होता? मी पस्तीस वर्षं दख्खनचा बेसाल्ट तपासला. हे चित्र विद्यार्थी असताना पाहिलं होतं, खांब पाहायला सत्तरी गाठावी लागली. कुंपणाला टेकून मी तासभर होतो.

जवळच बाइया. तिथे उलटं झालं: रोमन उमरावांचे हवेशीर बंगले पाण्याखाली गेले आणि खालीच राहिले. तळाला काच असलेल्या नावेतून फरशीची नक्षी दिसते, पण पाणी स्वच्छ असेल तरच. आमच्या दिवशी गढूळ होतं. वर किल्ल्यातल्या संग्रहालयात सम्राट क्लॉडियसच्या जलमहालातून काढलेल्या मूर्ती आहेत, त्या मात्र निवांत पाहता आल्या. गाळात बुडालेला भाग नितळ राहिला आणि उघडा राहिलेला शिंपल्यांनी कुरतडला, असे अर्धेमुर्धे चेहरे.

एक गोष्ट विसरू नका. पोत्सुओलीत माणसं राहतात. 1982 ते 84 या दोन वर्षांत तिथली जमीन जवळजवळ 1.8 मीटर वर आली आणि हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. आजही ती उचलली जाते आहे, धक्के बसतात. तिथल्या चहाच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानातल्या बाईंनी भिंतीवरचे तडे मला बोटाने दाखवले. आपण बघून परत येतो, त्यांना रात्री तिथे झोपायचं असतं.

दुबईहून

थोडक्यात कामाचं. पॉम्पेईत नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला वीस हजारांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण गर्दी तशीच. जुलैत जाऊ नका, सावली नाही. गर्दीच्या लोकलमध्ये माझं पाकीट गेलं, तेव्हा पैसे आणि कागदपत्रं वेगवेगळी ठेवा. आणि टोरे अनुन्झियाताला उतरून ओप्लोन्टिसचा बंगला नक्की बघा. भिंतींवरची चित्रं तिथे जागेवरच आहेत. रंगवलेल्या अंजिरांच्या टोपलीसमोर मी एकटा होतो. वीस मिनिटं दुसरं कोणी आलं नाही.

कोल्हापूरहून

आमच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्राँझचा एक पोसायडन आहे, हाताच्या पंजात मावेल एवढा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला 1940 च्या दशकात इतर रोमन वस्तूंबरोबर सापडला. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला. समुद्राचा देव आणि घाटावरच्या गावात, म्हणून गुरुजींना मी भंडावून सोडलं होतं.

गेल्या वर्षी नेपल्सच्या दक्षिणेला पेस्टमला गेलो. हिरव्या माळावर तीन ग्रीक देवळं आहेत, छप्पर नाही, खांब सगळे. गावाचं जुनं नावच पोसायडोनिया. मधल्या भव्य देवळाला बराच काळ समुद्रदेवाचं देऊळ म्हणत, आता बरेच अभ्यासक ते हेरा देवीचं मानतात. शेजारच्या संग्रहालयात 1968 साली सापडलेलं थडगं आहे, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलाय. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याच्यापुढं सगळे आपोआप हळू बोलत होते. आणि तिथल्या नाण्यांवर त्रिशूळ उगारलेला आमचा पोसायडन.

मी नाण्याचा फोटो शाळेतल्या मित्राला पाठवला. बाकी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. टाउन हॉलच्या बागेत उभा होता.

"जाऊन बघून आलो," म्हणाला. "हाय अजून तिथंच."