म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोलकाठी की क्रूस?

गोदाकाठ :
रविवारी आमच्या वाचनगटात (गंगापूर रोड, एका मित्राची गच्ची, सहा माणसं, किलोभर चिवडा) 'एका कोळियाने'वरून जुंपली. हेमिंग्वेची १९५२ ची कादंबरी 'द ओल्ड मॅन अँड द सी', पुलंनी मराठीत आणलेली. म्हातारा कोळी सांतियागो, ८४ दिवस मासा नाही, मग होडीहून मोठा मासा लागतो आणि परतताना शार्क तो ओरबाडून खातात. एकजण म्हणाली, हा म्हातारा म्हणजे ख्रिस्त. मी म्हटलं, पुरावा दे. तिने पुस्तकच उघडलं.

शेवटी तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, पडतो, झोपडीपर्यंत पोचेस्तोवर पाच वेळा खाली बसतो. मग पालथा झोपतो, हात सरळ पसरलेले, तळवे वर. ते तळवे दोरीने कापलेले. आणि शार्क दिसल्यावर त्याच्या तोंडून जो आवाज निघतो त्याबद्दल लेखक म्हणतो की हातातून खिळा आरपार लाकडात जाताना माणूस नकळत असाच कण्हेल. भर समुद्रात खिळा कुठून आला हो?

मी हे पुस्तक तीनदा वाचलंय आणि तिन्ही वेळा तिथून सरळ पुढे गेलो. माझं मत : बायबलची तोंडओळख नसेल तर आपण आधुनिक पाश्चात्त्य कादंबरी अर्धीच वाचतो. पटतंय का?

पंचवटीकर :
अजिबात नाही. हेमिंग्वेनेच त्याच वर्षी बेरेनसन या कलासमीक्षकाला पत्रात कळवलं होतं की यात प्रतीकबितीक काही नाही, समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, मासा म्हणजे मासा. आता लेखकापेक्षा तुमच्या गच्चीला जास्त कळतं का? माणूस दमला की हात पसरून झोपतो. आमचे आजोबा द्राक्षाच्या छाटणीहून आले की ओसरीवर असेच पडायचे, त्यांना कुणी ख्रिस्त म्हटलं नाही.

गोदाकाठ :
आजोबांना नमस्कार. पण त्यांच्याबद्दल लिहिताना कुणी खिळा घातला नसता. पत्रात काहीही म्हणता येतं, ते वाक्य पुस्तकात तसंच ठेवलंय ना त्याने?

कॉलेजरोडवाला :
मुळात ही उठाठेव आपण का करायची? त्यांचा धर्म, त्यांची प्रतीकं. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात आईवडिलांच्या थडग्यावर बायबलमधली ओळ आहे, मला ती पुस्तक मिटल्यावर वर्षभराने कळली. काय बिघडलं? रडलो तेव्हाही.

निवृत्त_मास्तर :
'त्यांचा धर्म' म्हणताना जरा जपून. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती १८५७ ची 'यमुनापर्यटन', आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती होते. फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ चं. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शरणपूर रोडवरून रोज जाता, ते शरणपूर नाव मिशनच्या वस्तीचं. बाकी चालू द्या.

नाशिकरोडची :
मी कॅथलिक आहे. बाल येशू मंदिराच्या यात्रेत लहानपणापासून जाते, म्हणून दोन शब्द.

आधी गोदाकाठ यांना. ईस्टरआधीच्या शुक्रवारी आम्ही 'क्रुसाची वाट' करतो, चौदा टप्प्यांची. त्यात येशू तीनदा पडतो. तुमचा म्हातारा पाच वेळा बसतो. हिशेब जुळवायचाच असेल तर तो जुळत नाही, आणि जुळला तरी मला आनंद नाही. दमलेला, मार खाल्लेला कुणीही दिसला की समीक्षक त्याला ख्रिस्त करून टाकतात. आमच्या दृष्टीने कथा तिसऱ्या दिवशी उठण्याची आहे. ते वगळून नुसते खिळे मोजणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त मांडव बघून येणं.

आता पंचवटीकर. धर्म नाही म्हणता? म्हाताऱ्याच्या झोपडीच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत, येशूच्या पवित्र हृदयाची आणि क्युबातल्या कोब्रे या तीर्थाच्या मरियेची. त्या बायकोच्या. बायकोचा स्वतःचा फोटो मात्र त्याने उतरवून धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवलाय, कारण बघितला की फार एकटं वाटतं. देवाची तसबीर भिंतीवर राहते आणि बायकोची सहन होत नाही! समुद्रावर तो म्हणतो, मी काही धार्मिक नाही, पण हा मासा मिळाला तर दहा वेळा 'स्वर्गीय पित्या' आणि दहा वेळा 'नमो मरिया' म्हणेन, कोब्रेच्या यात्रेला जाईन. मग पुटपुटताना त्याला वाटतं की 'नमो मरिया' जास्त सोपी जाते. माझी आजी हेच म्हणायची, अगदी हेच. खिळ्यापाशी मी थांबले नव्हते, इथे थांबले.

पंचवटीकर :
हे मान्य. हा तर सरळ नवस झाला, आमच्याकडे लोक वणीच्या गडाला बोलतात तसा. पण मग माझंच खरं ठरलं ना? हे कळायला बायबल लागत नाही, नवस बोलणारी आजी पुरते.

गोदाकाठ :
पाच विरुद्ध तीन, तिथे मी पडलो. पण नवस कळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. म्हाताऱ्याकडे मासेमारी शिकणारा पोरगा त्याच्या होडीवर ४० दिवस असतो आणि मग आईबाप त्याला दुसऱ्या होडीवर पाठवतात. ४०च का? येशूचे रानातल्या उपासाचे दिवस ४०. हे आजीला कुठून कळणार?

नाशिकरोडची :
माझ्या आजीला कळलं असतं 🙂

निवृत्त_मास्तर :
पुलंच्या शीर्षकाकडे कुणीच बघितलं नाही. 'एका कोळियाने' म्हटलं की आमच्या पिढीला शाळेतली कविता आठवते : एका कोळियाने एकदा आपुले जाळे बांधियेले उंच जागी. तो कोळी मासे धरणारा नव्हे, जाळं विणणारा आठपायी जीव. पडतो, चढतो, पुन्हा पडतो. मराठी वाचक पुस्तक उघडण्याआधीच पडून उठणाऱ्या कोळ्याला ओळखतो. क्रूस त्याच्या ध्यानात येवो न येवो, म्हाताऱ्याचं चढावर पडणं त्याला परकं वाटत नाही. वर्गात मी एवढंच सांगायचो, पुढे मुलं आपापलं बघायची.

कॉलेजरोडवाला :
मास्तर, हे आवडलं. पण कोळ्याचं जाळं शेवटी लागतं वर. म्हाताऱ्याच्या हाती सांगाडाच.

पंचवटीकर :
ते खिळ्याचं वाक्य पुलंनी मराठीत कसं केलंय, कुणीतरी बघून इथे टाका. माझी प्रत मेव्हण्याने नेलीय, म्हणजे गेलीच.