'कला शाखा बंदच करा' म्हणणाऱ्यांना (लांबलंय, पण वाचा)

रुमालवाली: काल 'हिशेबी' यांनी लिहिलं, "बीए मराठी, बीए इतिहास म्हणजे करदात्यांच्या पैशावर तीन वर्षांची सुट्टी. बंद करा." सोडून देणार होते, पण रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना सरकारला मोडी, म्हणजे जुन्या कागदांची लिपी, वाचणारे हुडकत फिरावं लागलं, ते विसरलात? मी एमए इतिहास. आमच्या तालुक्यात एका शेताचा वाद तीन पिढ्या चालला होता. सगळे ज्याला खरेदीखत म्हणत होते ते मोडीतलं होतं; मी वाचलं, तर निघालं गहाणखत!

हिशेबी: छान. मग दोन महिन्यांचा मोडी वर्ग काढा, अख्खी शाखा कशाला? माझा चुलतभाऊ एमए मराठी, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेला. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही कधी दिवाळीला तर कधी होळीला. साहित्याचं मोल त्याला सांगा जाऊन.

रुमालवाली: दोन महिन्यांत अक्षरं येतात हो, कागद नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, वर साल जुन्या शुहूर सनातलं, आकडे अरबी शब्दांत. 'सलास' म्हणजे तीन हे वर्गात येणार का तुमच्या? आणि भावाचे पैसे थकवले ते काय ज्ञानेश्वरीने?

खडूस पेठकर: मोडीवाल्यांच्या दरांवर बोला आधी. पानाला हजार! एकाने माझ्याकडून तीन हजार घेतले आणि म्हणाला, शाई उडालीय.

रुमालवाली: केस हरल्यावर वकील फी परत देतो का?

खडूस पेठकर: म्हणजे तुम्हीही हजारच घेता तर.

गल्लीतला: कुणबी नोंदींचं निघालंच आहे तर...

रुमालवाली: नाही. आरक्षण इथे नको, हात जोडते.

उंबरठा: मी ताईंच्याच बाजूची, पण पटलं नाही. शेत सुटलं म्हणून इतिहास हवा, ही तर हिशेबींचीच अट झाली. दया पवारांचं 'बलुतं', एका दलिताचं आत्मकथन, वाचून मला कुठला सातबारा मिळाला? आमच्या वाड्यात काही माणसांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. लहानपणी मीही ओतलंय, मजा वाटायची. विसाव्या वर्षी ते पुस्तक वाचलं आणि आईशी दोन दिवस बोलले नाही. याची पावती कुठे फाडायची?

हिशेबी: पुस्तक वाचायला बीए लागत नाही.

उंबरठा: नाही लागत. पण माझ्या हातात ते एका तासिकावाल्या सरांनीच दिलं. तुमच्या भावासारख्याच.

खडूस पेठकर: आता मोबाइलच मोडी वाचेल, मग बसा.

रुमालवाली: त्याला आधी बरोबर वाचून कोण दाखवणार? तुम्ही?

हिशेबी: ठीक आहे, मोडी आणि ते सर ठेवा, बाकी बंद करा. मत कायम आहे. आजोबांच्या ट्रंकेत कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सापडलाय, चुलत्यांशी वाटणीचं चाललंय. रुमालवाली ताई, व्यनि (खाजगी निरोप) बघा. आणि दराचं जरा समजून घ्या.