कुठं पडलात? सांगली-मिरजेच्या रस्त्यांवरचे अनुभव

मागच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माधवनगर रोडला पडलो. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून गाडी जरा डावीकडं घेतली, पुढचं चाक डांबरावरनं खाली उतरलं, ते परत वर घ्यायला गेलो आणि आडवा. लागलं फार नाही. गुडघा सोलला, नवी पँट गेली, आरसा फुटला.

शेजारच्या टपरीवाल्यानं पाणी दिलं आणि अगदी सहज म्हणाला, "इथंच पडत्यात सगळी. परवा एक मॅडम पडल्या, त्याच्या आधी दूधवाला. सगळं दूध गेलं बघा त्याचं." मी विचारलं, कुणाला कळवलं का? तर म्हणतो, "कुणाला कळवायचं? उठत्यात, झटकत्यात, जात्यात."

ते वाक्य डोक्यातनं जाईना म्हणून हा धागा काढतोय. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवायचा निकष असा आहे: साधारण ५०० मीटरचा तुकडा, त्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर ३ वर्षांत १० मृत्यू. यात माझा गुडघा, मॅडमची कोपरं आणि कॅनभर दूध कुठंच बसत नाही. अशा जागा फक्त टपरीवाल्यांना ठाऊक.

तर सांगा. कुठं पडलात, किती वाजता, कशावर होतात, पडायच्या आधी काय दिसलं. चूक कुणाची ते नको, त्यावर आपण तासभर भांडू शकतो. गाडीचे नंबर आणि कुणाची नावंही नकोत.

गॅरेजवाला, माधवनगर

दुचाकीचं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की सांगतं, कुत्रं आडवं आलं. कुत्र्यावर लई खपतंय. गाडी बघितली की खरं काय ते कळतं. डावा आरसा, डावा इंडिकेटर, डावं फूटरेस्ट गेलंय आणि उजवीकडं सायलेन्सरला ओरखडा नाही, म्हणजे हा साइडपट्टीवरनं घसरलाय, तुमच्यासारखा. फोर्कचे पाइप मागं गेलेत, चाक इंजिनला टेकलंय, म्हणजे हा मागनं जाऊन कशावर तरी बसलाय. पावसाळ्यात पहिल्या जातीच्या गाड्या जास्त. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली की दुसऱ्या जातीच्या सुरू होतात त्या मार्चपर्यंत. माझी कामाची वही वाचून महिना ओळखता येईल.

गेल्या हंगामात एका गाडीच्या हेडलाइटच्या वाटीत उसाचं कांडं रुतलेलं निघालं. पोरगा दवाखान्यात, बाप गाडी घेऊन आलेला. मी कांडं पकडीनं ओढून काढलं आणि कचऱ्यात टाकायला गेलो, तर म्हणाला, "टाकू नका, द्या इकडं." रुमालात गुंडाळून घेऊन गेला. कशाला, ते मी विचारलं नाही.

ट्रॅक्टरवाला, वाळवा तालुका

आता आम्हालाच शिव्या बसणार, म्हणून आधीच लिहितो.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. पहिलीपर्यंत वायर जाते, लाइट लागतो. दुसरीपर्यंत नेलेली वायर फडात वळवताना पहिल्या आठवड्यातच तुटते. हंगाम सुरू झाला की कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. ते रिकाम्या ट्रॉलीला झकास दिसतं. भरल्यावर ऊस मागं हात-दोन हात बाहेर येतो आणि त्याच्या सावलीत रेडियम झाकून जातं. वर फडातला चिखल बसलेला. मागनं येणाऱ्याला काळोखात काळा ढीग, दुसरं काय दिसणार? त्यात आम्ही चालणार पंधरा-वीसच्या स्पीडनं. त्याला वाटतं पुढं रस्ता मोकळा आहे.

मी सगळ्यांत मागच्या मोळीत काठी खोवतो आणि तिला बॅटरीवरचा लाल लुकलुकणारा दिवा बांधतो. त्यानं फरक पडतो, मागची गाडी लांबनंच स्पीड कमी करते ते कळतं. फक्त दिवा चार दिवसांत चोरीला जातो. काट्यावर नंबर लागायची वाट बघत ड्रायव्हर झोपला की कोणतरी काढून नेतं. मग मी जुन्या सीडीवर आलो, ती कुणी नेत नाही.

एक पाप मात्र आमचं आहे, कबूल करतो. ट्रॉली पंक्चर झाली की चाकामागं धोंडे लावतो. पंक्चर काढली की ट्रॉली जाते, धोंडे तिथंच.

धागा काढणारा

धोंड्यांचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

आष्ट्याहून

धोंडा. पेठ-सांगली रस्ता, पहाटे पाच, डिसेंबर, धुकं. दोन दात.

परिचारिका, मिरज

अपघात विभागात चौदा वर्षं काढली. आमच्यात चहा साडेपाचलाच उरकतात, कारण सहानंतर कप हातात राहत नाही. पुढं कधीतरी केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा वार्षिक अहवाल वाचण्यात आला, त्यातही देशभरात सगळ्यांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळातले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आकडा वाचून काही वाटत नाही. कात्रीनं शर्टाची बाही कापताना वाटतं.

हेल्मेट असतं बऱ्याच जणांकडं. कोपराला अडकवलेलं, आरशावर लटकवलेलं, नाहीतर डोक्यावर पण पट्टा मोकळा. पट्टा मोकळा असला की माणूस जमिनीवर यायच्या आधीच ते उडून जातं.

पण मला लिहायचंय ते मागं बसणाऱ्या बायकांबद्दल. एका बाजूला पाय टाकून बसलेली, एका हातात पिशवी नाहीतर पोर, दुसरा हात सीटच्या मागच्या दांडीला. रंग नसलेला गतिरोधक आला की गाडी उडते आणि बाई सरळ मागं, डोक्यावर. ना गाडीला गाडी धडकते, ना ब्रेकचा आवाज होतो. नवऱ्याला पुढं गेल्यावर गाडी हलकी लागते तेव्हा कळतं. पदर आणि ओढणी चाकात जाण्याचं तर विचारूच नका. एका बाई लग्नाहून परतत होत्या, ओटीतला नारळ पिशवीत तसाच शाबूत होता. त्या आमच्याकडं नऊ दिवस होत्या आणि तो नारळ लॉकरवर.

आणि एक विनंती. जखमीला घेऊन येणारा माणूस त्याला दारात उतरवतो आणि रिक्षा वळवतो, पोलिसांच्या भानगडीच्या भीतीनं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४ए आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, त्याला साक्षीत ओढता येत नाही. नाव सांगू नका, पण कसा पडला, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, एवढं सांगून मग जा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात आणि सांगायला कुणी नसतं.

कॉलेजला आहे, विश्रामबाग

सगळं रस्त्यावर आणि उसावर नका ढकलू. मी पडलो तेव्हा रस्ता चांगला होता, ऊन होतं, पुढं कुणी नव्हतं. मोबाइल खांदा आणि कान यांच्यात होता. आईशी बोलत होतो, पोचलो म्हणून सांगत होतो. पोचलो नव्हतो.

निवृत्त, रस्त्यांच्या कामावर पस्तीस वर्षं

धागा काढणारे पडले ते का, ते सांगतो. रस्ता नवा केला म्हणजे बहुतेक वेळा जुन्यावरच डांबराचा थर चढवतात. दर वेळी रस्ता वर जातो, साइडपट्टी आहे तिथंच. तिच्यात मुरूम भरून दाबणं हे कामातलं सगळ्यांत शेवटचं काम आणि शेवटच्या कामाच्या वेळी पैसेही संपलेले असतात आणि पाऊसही आलेला असतो. भरली तरी एका पावसाळ्यात धुऊन जाते. मग डांबराची कड चार-चार बोटं वर राहते.

चाक त्या कडेखाली उतरलं की लगेच वर यायची घाई करू नये. टायर कडेला घासत राहतो, चढत नाही. म्हणून आपण हँडल आणखी वळवतो. मग तो एकदम चढतो आणि वळवलेलं हँडल गाडीला थेट समोरच्या लेनमध्ये नेतं. आडवे झालात ते बरं झालं. समोर गाडी असती तर हा धागा दुसऱ्या कुणी काढला असता. चाक उतरलं तर उतरू द्या, सरळ चालवा, गाडी जवळजवळ थांबवा आणि मग तिरकी वर घ्या.

गतिरोधकाचंही लिहितो, ताईंनी विषय काढलाच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. म्हणजे चाकाला चढ लागतो, दणका नाही. आपल्याकडं अपघात झाला की गाव रस्त्यावर उतरतं, रास्ता रोको होतो, आणि रातोरात हातभर रुंदीचा डांबराचा उंबरा तयार. ना आधी पाटी, ना वर पट्टे. एक अपघात अडवायला घातलेला उंबरा पुढची दहा वर्षं मागच्या सीटवरची माणसं पाडत राहतो. मी स्वतः असे दोन घातलेत. वरनं फोन होता आणि समोर जमाव. सांगायला लाज वाटते, पण घातलेत.

शिक्षिका, सांगली-मिरज रस्त्याजवळ राहते

चार दिवस लिहू की नको करत होते.

आमच्या कॉलनीसमोर दुभाजक आहे. नियमाप्रमाणं वळायचं तर बरंच पुढं जाऊन यावं लागतं, म्हणून कुणीतरी कधीतरी दोन दगड काढले. आता तिथं एक स्कूटर जाईल एवढी फट आहे. दोनदा बुजवली, दोनदा उघडली. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी त्या फटीतून पोरं नुसती सांडतात.

माझा मुलगा सोळा वर्षांचा. क्लासला जायला स्कूटी मीच दिली. त्या फटीतून तो तोंड बाहेर काढून उभा होता आणि पुढचं चाक एका एसटीला लागलं. चालकानं कशी वळवली त्यालाच ठाऊक. मुलाच्या पायात रॉड आहे. पोलिसांनी फार काही केलं नाही, पण एकानं शांतपणे सांगितलं की अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मी शाळेत वाहतूक सप्ताहात मुलांकडून घोषणा पाठ करून घेते. त्या घोषणा त्या दिवशी ठाण्याच्या भिंतीवर रंगवलेल्या दिसत होत्या.

आणि खरं लिहायचं म्हणून धागा आहे तर खरंच लिहिते. सकाळी दूध आणायला मी आजही त्याच फटीतून जाते. चालत.

गावभाग

२०१९ चा पूर ओसरल्यावर गाळावरनं सायकल घसरली. आमच्या बोळात त्या दिवशी पडला नाही असा माणूस नव्हता. पूर बघायला आलेलेही पडले, त्यांचं वाईट वाटलं नाही.

पिकअपवाला, तासगाव

आमी द्राक्षं भरून रात्री निघतो. मुंबईच्या बाजारात पहाटे माल लागला तर भाव, न्हाईतर न्हाई. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळ्याला डोळा लागत न्हाई. दुपारी बागेत पेट्या भरायच्या, रात्री गाडी. डुलकी लागल्याली कळत न्हाई, जाग आल्याली कळती. मला जाग आली तवा दुभाजकाची झाडं बोनेटवर हुती. पेठ नाक्याच्या पुढं, पहाटे चार. पेट्या रस्त्यावर, लोकं गोळा झाली. म्या म्हणलं आता लुटत्यात. तर पेट्या उचलून कडंला लावल्या पोरांनी, दोनच कमी भरल्या.

तवापासनं खंबाटकीच्या अलीकडं गाडी लावून वीस मिनिटं झोपतोच. बोगद्यातनं भाईर पडलं की उतार आणि ते वळण, तिथं २०१८ च्या एप्रिलात मजुरांचा टेम्पो उलटून लई माणसं गेली. व्यापाऱ्याचा फोन येतो, "कुठं पोचलास?" मी म्हणतो बोगदा वलांडला. खोटं. झोपलेला असतो.

वकील, मिरज

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी गप्प बसू नका. १ एप्रिल २०२२ पासून अशा वेळी मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये भरपाई मिळते, अर्ज महसूल खात्याकडं करायचा. पण त्याला आधी पोलिसांत नोंद हवी. 'उठत्यात, झटकत्यात, जात्यात'वाल्यांना काहीच मिळत नाही.

धागा काढणारा

आज परत त्या टपरीवर गेलो होतो. टपरीवाल्यानं आपणहून सांगितलं, मंगळवारनंतर आणखी एक पडला, पाववाला, सकाळी सहाला. मी कडेनं चालत गेलो. जिथं कड सगळ्यांत उंच आहे तो तुकडा माझ्या चोवीस पावलांचा आहे. बाकी रस्ता ठीकच. सगळं काय ते चोवीस पावलांत. अर्जात हे लिहिणार आहे. रविवारी सकाळी सातला फोटो काढायला जातोय, कुणी येणार?

निवृत्त, रस्त्यांच्या कामावर पस्तीस वर्षं

पावलांवर अर्ज परत येईल. मी टेप घेऊन येतो. येताना चुन्याची पिशवीही आणतो, अर्जाचं काय व्हायचं ते होईल, तोवर कड तरी पांढरी दिसेल.

गॅरेजवाला, माधवनगर

येतो. वही आणू का?

ट्रॅक्टरवाला, वाळवा तालुका

मुरूम पाहिजे असला तर एक ट्रॉली टाकतो. रिकामीच येणार आहे तिकडनं. दिवा लावून.