नागपूरहून सोयीचे, शांत आणि इतिहास असलेले समुद्रकाठचे गाव कोणते?

धरमपेठकर:
डिसेंबरअखेर आईवडिलांना घेऊन समुद्रकाठी जाण्याचा विचार आहे. वडिलांना जुन्या वास्तूंची आवड आहे, आईला डोंगर हवेत आणि मला गर्दी नको. कोकणात जायचे म्हणजे आधी मुंबई किंवा पुणे गाठायचे आणि तिथून पुन्हा घाट उतरायचा. सत्तरी ओलांडलेल्यांना तो प्रवास झेपणार नाही. गाडी न बदलता जाता येईल असे एखादे गाव कोणी सुचवू शकेल काय?

अजनीकर:
आंध्र प्रदेशातील भीमुनिपट्टणमला जावे, तिकडचे लोक त्याला भीमिली म्हणतात. समता एक्सप्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूरमार्गे थेट विशाखापट्टणमला जाते आणि तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने भीमिली साधारण २५-३० किलोमीटरवर आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार थाटली आणि १८२५ मध्ये हे ठाणे इंग्रजांच्या हाती गेले. डचांच्या दफनभूमीत निमुळत्या मनोऱ्यांसारखी थडगी अजून उभी आहेत. त्यांवरची कोरीव अक्षरे वाचण्यात आपल्या वडिलांचा एक तास सहज जाईल. येथे नगरपालिकाही १८६१ मध्येच स्थापन झाली होती, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. वाटेतील थोटलकोंडा चुकवू नये. टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, वाहन बरेच वरपर्यंत जाते आणि खाली सगळा समुद्र दिसतो.

मानेवाडा रहिवासी:
सूचना उत्तम आहे, मात्र डोंगरांचा उल्लेख राहिला. भीमिलीला समुद्रास मिळणारी गोस्थनी नदी पूर्व घाटातील अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते आणि तिथल्या बोरा गुहांशीही तिचा संबंध आहे, त्यामुळे त्याच डोंगरांतील अराकू खोऱ्याची फेरी जोडली तर एकाच नदीची दोन टोके पाहून होतात. विशाखापट्टणमहून सकाळी निघणारी, अराकूवरून जाणारी किरंदुलकडची गाडी पन्नासाहून अधिक बोगद्यांतून घाट चढते. मोटारीपेक्षा तीच घ्यावी. गुहेत मात्र पायऱ्या पुष्कळ आहेत आणि ओल असते, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असल्यास दाराशीच थांबलेले बरे.

अजनीकर:
अराकूबाबत सहमत आहे, पण डिसेंबरअखेर तिथे पाय ठेवायला जागा नसते. रजा पुढे ढकलता येत असेल तर संक्रांत उलटल्यावर जावे. हवा तेव्हाही थंड असते. मुक्काम भीमिलीतच हवा असल्यास खोली आधी पक्की करावी, कारण विशाखापट्टणमच्या मानाने तिथे सोय मोजकी आहे.

धरमपेठकर:
जानेवारीचा दुसरा पंधरवडा आम्हाला चालेल. आईला पाण्यात उतरायची हौस आहे. ते कितपत सुरक्षित आहे?

मानेवाडा रहिवासी:
घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहण्यास हरकत नाही, पुढे जाऊ देऊ नये. या किनाऱ्यावर ओढ फसवी असते आणि लाट परतताना पायाखालची वाळू सरकते. नदीच्या मुखापाशी तर मुळीच उतरू नये. कोळी बांधव होड्या लावतात तिथे विचारून घ्यावे.