'साइन'ला काय म्हणावे? फलक, पाटी, चिन्ह की खूण

नगररचना विद्यार्थिनी, अमरावती
अमेरिकेत बऱ्याच छोट्या शहरांचा स्वतःचा विमानतळ असतो आणि त्याला लागून बिझनेस पार्क. दोन्ही जागांवर कुठे, केवढी, किती उंच आणि कसल्या उजेडाची 'साइन' लावता येईल, याचे नियम तिथली नगरपालिका करते. अशा नियमांचा मी अभ्यास करते आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळाभोवती असेच नियम करायचे ठरले, तर त्यांचा मराठी मसुदा कसा असेल हे मला लिहायचे आहे. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले. विमान आले की मागोमाग प्लॉटचे, लॉनचे, हॉटेलांचे बोर्ड येणारच.

मी पहिल्याच शब्दाला अडले आहे. 'साइन'ला फलक म्हणू, पाटी म्हणू, चिन्ह म्हणू की खूण? महानगरपालिकांत तर 'आकाशचिन्ह' असा शब्द आहे. 'म्युनिसिपल एअरपोर्ट'ला मी 'नागरी विमानतळ' लिहिले आणि 'मॉन्युमेंट साइन'ला 'स्मारक फलक'. हे दोन्ही बरोबर आहे का?

अनुवादक, वर्धा
आधी 'नागरी'बद्दल. इथे अर्थ पार बदलतो. 'नागरी विमान वाहतूक' यातला नागरी म्हणजे लष्करी नव्हे तो. 'नागरी सुविधा' यातला नागरी म्हणजे शहरातला. 'म्युनिसिपल'चा मुद्दा मालकीचा आहे: विमानतळ नगरपालिकेचा. त्यामुळे 'नगरपालिकेच्या मालकीचा विमानतळ' असे लांबलचक लिहावे लागले तरी तसेच लिहा. आपल्याकडे हा प्रकारच नाही, म्हणून तयार शब्दही नाही. बेलोरा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, गोंदियाचे बिरसी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. शिवाय बेलोरा शहराबाहेर, बडनेऱ्याच्या पुढे आहे, भोवती गावांची शिवारे आहेत. म्हणजे तुमच्या मसुद्यात 'नगरपालिका' या शब्दाच्या जागी कोण येणार, हे शब्दकोश सांगणार नाही. ग्रामपंचायत, महामंडळ की कंपनी, ते तुम्हालाच ठरवावे लागेल.

'स्मारक फलक' मात्र अजिबात नको. आमच्या जिल्ह्यात आष्टी आहे, १९४२ च्या हुतात्म्यांची. आमच्याकडे स्मारक म्हटले की लोक चपला काढतात. तुमची ती 'साइन' म्हणजे प्रवेशापाशी विटांच्या किंवा दगडाच्या जोत्यावर बसवलेली बुटकी पाटी. तिला 'बैठा फलक' म्हणा. बैठे घर म्हणतो तसेच. मग खांबावर उभा असतो तो 'खांबाचा फलक' आणि भिंतीला लावलेला तो 'भिंतीचा फलक'. तिन्ही शब्द चांदूर रेल्वेच्या दुकानदारालाही न सांगता कळतील.

'रेग्युलेशन्स'ला सरसकट 'नियम' लिहू नका. कायद्याच्या मराठीत अधिनियम, नियम, विनियम आणि उपविधी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. विधिमंडळ करते तो अधिनियम, शासन त्याखाली करते ते नियम, एखादे महामंडळ किंवा प्राधिकरण करते ते विनियम, स्थानिक संस्था करते ते उपविधी. बोलताना मात्र 'नियमावली' म्हटले तरी चालते. २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही तोच शब्द आहे.

पेंटरचा मुलगा, चांदूर बाजार
राम राम. माहे वडील बोर्ड लिवत. चाळीस-पन्नास गावचे दुकानदार येत, पन 'फलक पायजे' असं कोनी म्हनलं नाई. 'भाऊ, दुकानाचा बोर्ड लिहून द्या' असंच म्हनत. आनि पाहा, बोर्ड 'लिहून', 'रंगवून' नाई. काहून की लोकाइले रंग नाई, अक्षर पायजे होतं.

आता सगळ्यांना वाचता यावे म्हणून पुस्तकी भाषेत लिहितो, कारण मुद्दा महत्त्वाचा आहे. या नियमांत 'अक्षराची उंची' असा शब्द हमखास येणार. इंग्रजी मोठ्या लिपीत ती मोजायला सोपी आहे, सगळी अक्षरे एका उंचीची. देवनागरीत कुठून कुठपर्यंत मोजायचे?

वडील पत्र्याला आधी पांढरा हात देत. तो वाळला की निळीत भिजवलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरायची आणि सोडायची. सट्कन सरळ रेघ उठते. ती शिरोरेघ. अक्षरे तिला खाली टांगायची. पण रेघ पत्र्याच्या अगदी वर कधीच मारत नसत, वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा राखून मारत. 'धामणगाव' लिहा: रेघेच्या वर काही नाही, खाली काही नाही. 'मोर्शी' लिहा: वर मात्रा, रफार, वेलांटी, तिन्ही. 'चांदूर' लिहा: वर टिंब, खाली दीर्घ ऊकार. तिन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली आणि तिघांची उंची तीन तऱ्हेची.

आता नियम म्हणाला, अक्षर सहा इंचांचे. कोणी वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेवटापर्यंत सहा इंच धरले, तर मूळ अक्षर जेमतेम साडेतीन-चार इंचांचे उरते. शेजारी इंग्रजी मात्र भरघोस सहा इंच. कागदावर बरोबरी, रस्त्यावरून पाहिले तर मराठी बारीक. २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असे आहे. मग 'लहान' कशावरून ठरवायचे? माझे म्हणणे असे की व्याख्येतच लिहा: अक्षराची उंची म्हणजे शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत. काना जेवढा, तेवढी उंची. मात्रा-वेलांट्या त्यात धरू नका.

नगररचना विद्यार्थिनी, अमरावती
दादा, हे मी कुठल्याच मसुद्यात पाहिलेले नाही. 'काना जेवढा, तेवढी उंची' हे वाक्य मी जसेच्या तसे घेते आहे.

मोजणीदार, दर्यापूर
उंचीचा विषय निघाला आहे तर आणखी एक. विमानतळाजवळ 'उंची' हा शब्द एकटा कधीच लिहू नये. बांधकामवाले उंची जमिनीपासून किंवा रस्त्यापासून मोजतात. विमानतळ प्राधिकरण ना हरकत देते, त्यात वरच्या टोकाची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते. एकच खांब, पण दोन आकडे. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे उंचीच्या मर्यादेबाबतचे नियम २०१५ चे आहेत आणि मोठ्या विमानतळांभोवती रंगांचे पट्टे दाखवणारे नकाशेही आहेत. कुठल्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत जाता येते ते त्यावर दिसते. टेकाडावरच्या शेतात वीस फुटांचा खांब उभा केला तर तो खालच्या शिवारातल्या तीस फुटांच्या खांबापेक्षा वर जाऊ शकतो. म्हणून मसुद्यात 'फलकाची उंची' वेगळी आणि 'माथ्याची उंची' वेगळी, असे दोन शब्द ठेवा. माथा म्हणजे सर्वांत वरचे टोक, मग तो दिवा असो, सळई असो की झेंड्याची काठी.

'सेटबॅक'साठी शब्द आहेच: सामासिक अंतर. वहीत डावीकडे सोडतो तो समास, तसेच प्लॉटच्या कडेला सोडायचे अंतर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो व्याकरणातला समास वाटतो, पण बांधकाम परवानगीचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हाच शब्द आहे. तो बदलू नका.

आणि 'साइन'ला फलक म्हटले तरी 'चिन्ह' हा शब्द बाद करू नका. जमीन महसुलाच्या १९६६ च्या कायद्यात 'सीमाचिन्हे' आहेत. ती म्हणजे काही चित्रे नव्हेत, धुऱ्यावर गाडलेले दगडच. आमच्याकडे लोक त्याला गोटा म्हणतात, कागदावर तो चिन्ह असतो. उभी, ठोस, हलवली तर गुन्हा होईल अशी वस्तू म्हणजे चिन्ह, हा अर्थ मराठी कायद्यात मुरलेला आहे.

हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त, नागपूर
कुंपणाच्या आतले शब्द मी सांगतो, कारण तिथे गोंधळ परवडत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौदाव्या परिशिष्टात चार गोष्टी अलग ठेवल्या आहेत: जमिनीवर रंगवलेले ते मार्किंग, उजेड देतो तो दिवा, उभी पाटी ती साइन आणि कडेला रोवलेली ती मार्कर. मराठीत यांना अनुक्रमे खूण, दिवा, फलक आणि खुंटी म्हणता येईल. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा ही खूण आहे, फलक नव्हे. तो आकडा दिशेचा कोन दहाने भागून येतो. ०८ म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून साधारण ८० अंश, जवळजवळ पूर्व. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला २६ असणार.

उभ्या फलकांत लाल पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे आज्ञा: परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. काळ्यावर पिवळे म्हणजे 'तुम्ही इथे आहात'. पिवळ्यावर काळे म्हणजे 'तिकडे जा'. हे रंग जगभर सारखे आहेत, त्यात स्थानिक नियमाने काही बदलता येत नाही. म्हणून तुमच्या मसुद्याच्या सुरुवातीलाच लिहा की हे नियम विमान चालनासाठीच्या फलकांना, खुणांना आणि दिव्यांना लागू नाहीत. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवीसुद्धा त्यातच आली.

आणि एक शब्द मसुद्यात असलाच पाहिजे: फसवा दिवा. विमानतळाजवळ वैमानिकाला धावपट्टीचा वाटेल असा दिवा लावायला मनाई आहे. रात्री उतरताना खाली काळोखे शिवार असते आणि त्यात एका रांगेत लावलेले पांढरे दिवे दिसले की डोळा तिकडे ओढला जातो. लॉनवाल्याने लग्नासाठी रस्त्याच्या कडेने दिव्यांची माळ लावली, त्याच्या मनात काही वाईट नाही. पण कायदा हेतू विचारत नाही, वरून काय दिसते ते विचारतो. 'प्रखर', 'चमकणारा', 'लुकलुकणारा' या शब्दांपेक्षा 'फसवा' शब्द जास्त नेमका आहे.

नगररचना विद्यार्थिनी, अमरावती
मग आकाशचिन्हाचे काय? पुण्याच्या महानगरपालिकेत 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' आहे. मी घरी विचारले तर आजीला ते ज्योतिषातले वाटले.

अनुवादक, वर्धा
आजीचे चुकले नाही, शब्द ऐकताना तसाच वाटतो. पण तो टाकून देऊ नका. तो 'स्काय साइन'चा शब्दशः अवतार आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये घरांच्या छपरांवर लोखंडी सांगाडे उभारून जाहिराती लावू लागले, त्यांच्यासाठी १८९१ मध्ये खास कायदा झाला. तीच कल्पना मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३२८ व्या कलमात आली आणि पुढे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात २४४ व्या कलमात. व्याख्येचा गाभा असा की इमारतीवर किंवा बांधकामावर, खांबाच्या अथवा सांगाड्याच्या आधाराने असलेली आणि रस्त्यावरून पाहिल्यास आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात. जाहिरातीचा फुगासुद्धा त्यात येतो. पुढचे २४५ वे कलम इतर जाहिरातींचे. म्हणजे आकाशचिन्ह हा सगळ्या बोर्डांचा समानार्थी शब्द नाही, एक विशिष्ट जात आहे. भिंतीवर सपाट लावलेली पाटी आकाशचिन्ह होत नाही.

शहरात आता हा फरक पुसट झाला. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचा सांगाडा पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा सगळीकडे 'होर्डिंग' हाच शब्द होता आणि लोकांनाही तोच कळतो. पण विमानतळाशेजारी जुनी व्याख्या पुन्हा कामाची ठरते. जे आकाशावर उठून दिसते, तेच विमानाच्या वाटेत येण्याची शक्यता. मोजणीदारांचा माथा आणि हे आकाशचिन्ह एकत्र वाचा, म्हणजे कळेल.

फक्त शब्द उघडून सांगा. 'आकाशचिन्ह, म्हणजे छपरावर किंवा सांगाड्यावर उभारलेला, खालून पाहता ज्याच्यामागे आकाश दिसते असा फलक.'

पेंटरचा मुलगा, चांदूर बाजार
फ्लेक्सचे पण लिहा ताई. वाढदिवस, निवडून आल्याचा आनंद, श्रद्धांजली. हे सगळे 'तात्पुरते फलक' म्हणून सूट घेतात आणि पावसाळाभर फाटून लोंबत राहतात. 'तात्पुरता' म्हणजे किती दिवस, ते आकड्यात असू द्या आणि लावणाऱ्यानेच उतरवायचा, हेही. कापड उडून धावपट्टीकडे गेले तर ती गंमत नाही.

नगररचना विद्यार्थिनी, अमरावती
सगळ्यांचे ऐकून व्याख्यांचे कलम असे केले आहे. चुकत असेल तर सांगा.

'फलक म्हणजे माहिती, नाव, दिशा किंवा जाहिरात लोकांना दिसावी म्हणून लावलेली, लिहिलेली किंवा उभारलेली कोणतीही वस्तू. बोलीत बोर्ड, पाटी, बॅनर, फ्लेक्स, होर्डिंग असे काहीही म्हटले तरी ती या नियमांसाठी फलकच होय. विमान चालनासाठीचे फलक, खुणा, खुंट्या व दिवे यांना हे नियम लागू नाहीत. अक्षराची उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. फलकाची उंची लगतच्या जमिनीपासून मोजावी. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजावी. वैमानिकाला विमानतळाचा वाटू शकेल असा कोणताही दिवा फसवा दिवा समजावा, मग लावणाऱ्याचा हेतू काहीही असो.'

हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त, नागपूर
'दिवा'च्या जागी 'दिवा किंवा दिव्यांची रांग' करा. एकटा दिवा सहसा फसवत नाही.