मुलांच्या शिक्षणात तुमचा हात नेमका कुठे लागला? ठाणे–नवी मुंबईकर पालकांनो, लिहा

धागाकर्ती, घणसोली

शाळा सुरू झाल्या. वर्गाचा व्हॉट्सॲप गट जागा झाला आणि रात्री साडेदहाला "उद्या भूगोलाची वही न्यायची आहे का?" हेही सुरू झालं. म्हटलं, या निमित्ताने धागा काढावा.

'पालकांनी काय करावे' छापाचं नको, ते शाळेच्या सूचनापत्रात भरपूर असतं. तुम्ही स्वतः घरी किंवा शाळेत जाऊन काय केलंत, पोराला त्याचा उपयोग झाला की नुसताच तुमचा जीव गेला, ते लिहा. मराठी माध्यम, सेमी, इंग्रजी, पालिका, खासगी, सगळं चालेल. शाळेचं नाव नको आणि क्लासची जाहिरात तर मुळीच नको.

सुरुवात माझ्यापासून. मुलगी पाचवीत आहे. आमच्याकडे प्रकल्पाला मोठ्यांचा हात लागत नाही. सामान आणून देऊ, पुढचं तिचं तिने बघायचं. गेल्या वर्षी जलचक्राच्या मॉडेलमधला तिचा कापसाचा ढग गळून समुद्रात पडला. शेजारच्या टेबलावर पंपाने पाऊस पाडणारं मॉडेल होतं आणि ते कुणाच्या बाबांनी केलंय हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. शाळांच्या प्रदर्शनांना हे कुणीतरी कळवा.) बाईंनी विचारलं, "वाफ कुठून निघाली?" आमच्या बाईसाहेबांनी पाच मिनिटं भाषण ठोकलं, ढग का पडला त्याच्या कारणासकट. बक्षीस पंपाला मिळालं. चालायचंच.

कोपरखैरणे, माथाडी

मी सांगतोय आणि थोरली टाइप करतेय. एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला कामाला आहे. गाव पाटण तालुक्यात. शिक्षण सातवी.

धाकट्याला सहावीत शेकडेवारी जमेना. मला शिकवता येत नाही, पण हिशेबपट्टी मला झोपेतसुद्धा वाचता येते. शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी मिळते. वर गोण्या, वजन, भाव, आणि खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं अशी वजावट. जुन्या पट्ट्या घरी आणल्या नि म्हटलं, ह्या शेतकऱ्याच्या हातात शंभरातले किती पडले ते काढ. पहिल्यांदा पोराला शेतकऱ्याची दया आली, मग गणित आलं. आता दुकानातली 'वीस टक्के सूट'ची पाटी दिसली की तोंडी हिशेब करतो आणि माझं डोकं खातो.

संध्याकाळी तो मोठ्यानं वाचतो, मी बसून ऐकतो. मराठीत चुकला तर मला कळतं. इंग्रजीतलं काही कळत नाही, पण अडखळला की कानाला कळतं. मग म्हणतो, परत वाच. एवढीच माझी शिकवणी.

दुसरं म्हणजे शाळेची समिती. सरकारी नि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की तिच्यात तीन-चतुर्थांश लोक पालकच पाहिजेत, आणि समितीत निम्म्या बायका. मला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, वर्गणी मागणार. सुरुवातीच्या बैठकांना गप बसलो. एकदा एका बाईनं सांगितलं की मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत. आम्हा पुरुषांना हे कधी सुचलं नसतं. ठराव लिहिला, सह्या केल्या, कडी बसली. आता ती बाई बैठकीला आली नाही तर मी फोन करून बोलावतो.

घोडबंदर रोड, नोकरीवाली आई

काका, हिशेबपट्टीची आयडिया ढापतेय. आमच्याकडे किराण्याच्या ऑनलाइन बिलावर जीएसटी असतो, तेच वापरीन.

माझं छोटंसं आहे. ऑफिस ऐरोलीला. घरी पोहोचेपर्यंत मुलगा पेंगुळलेला असतो, तेव्हा अभ्यास घेणं हा दोघांवर अन्याय. म्हणून तो नाद सोडला आणि ओपन हाउसला काय विचारायचं तेवढं बदललं. वर्गशिक्षिकेला प्रत्येक पालकामागे जेमतेम काही मिनिटं मिळतात. आधी सगळा वेळ "हा अर्धा मार्क का कापला" यात जायचा. आता विचारते, तो वर्गात प्रश्न विचारतो का, डबा कुणाबरोबर खातो, कोणत्या तासाला खिडकीबाहेर बघतो. शेवटच्या प्रश्नाला बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हिंदीच्या. पण हिंदीच्या तासाला निम्मा वर्ग बघतो, खाली बास्केटबॉल चालू असतो." म्हणजे हिंदी कच्चं नव्हतं, जागा चुकीची होती. बाईंनी त्याला भिंतीकडे बसवलं.

वाशीचा बाबा

थोडं उलटं लिहितो, रागावू नका. घरी शिकवणं सगळ्यांना जमत नाही. मी इंजिनिअर, बायको सीए. तरी आठवीचं बीजगणित घ्यायला बसलो की तिसऱ्या उदाहरणाला आवाज चढायचा, पाचव्याला रडारड. सेक्टरातच एका बाईंकडे शिकवणी लावली. घरात शांतता आली, मुलीला गणित यायला लागलं, आणि ती माझ्याशी क्रिकेटवर बोलायला लागली. पालकांनीच शिकवावं या आग्रहात अपराधीपणा फार असतो. मला वाटतं, बापाने बाप राहावं.

वागळे इस्टेट, ठाणे

वाशीच्या दादांना अनुमोदन. पण शिकवणी लावूनही गाडी हलत नसेल तर काय, ते सविस्तर लिहिते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझा मुलगा तिसरीपर्यंत तोंडी सगळं सांगायचा. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट पेटाऱ्यांसकट, तपशिलात. लिहायला बसवलं की वही कोरी, नाहीतर अक्षरं उलटीपालटी, काना-मात्रा गायब. 'आळशी', 'लक्ष नाही', 'मोबाइल काढून घ्या' हे सगळं ऐकून झालं. चौथीत नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी मला बोलावून त्याची वही आणि त्याने तोंडी दिलेली उत्तरं, जी त्यांनी स्वतः लिहून घेतली होती, शेजारी शेजारी ठेवली. म्हणाल्या, "हा आळस नाही. तपासणी करून घ्या."

आम्ही सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या एलडी क्लिनिकमध्ये गेलो. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात मूल अडतं ते. आधी कान आणि डोळे तपासतात, कारण दोष तिथे असू शकतो. मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी. एका दिवसात होत नाही, तारखा मिळत जातात. एलडीचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर देतात, त्याआधी मूल लिहायला शिकतच असतं. एलडी, म्हणजे कायद्याच्या भाषेत विशिष्ट अध्ययन अक्षमता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, त्यामुळे हे कुणी उपकार म्हणून देत नाही. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो, आणखीही सवलती आहेत. पण दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा लवकर गेलेलं बरं, कारण खरा उपयोग सवलतींपेक्षा उपचारात्मक शिकवणीचा असतो.

घरचा विरोध हा वेगळा विषय. सासरे म्हणाले, "आमच्या घराण्यात असं कुणी नाही." एका आत्याला काळजी की सर्टिफिकेट उद्या लग्नाला आडवं येईल. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता!

घरी मी काय करते? धडे मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करते. तो ते खिडकीत बसून, चित्रं काढत ऐकतो. उत्तरं आधी तोंडी, मग त्यातली दोन-तीनच लिहायची. शुद्धलेखनासाठी लाल पेन घरात ठेवलेलं नाही. आता तो सातवीत आहे. लिहिणं अजून हळू आहे, पण शाळेत जायच्या वेळी पोट दुखत नाही.

नौपाड्याचे आजोबा

नात इंग्रजी शाळेत. मराठी वाचन म्हणजे तिला शिक्षा वाटे. मी तिला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊ लागलो. १८९३ सालची संस्था आहे, हे तिला सांगून काही फरक पडला नाही. तिथून येताना तलावपाळीला भेळ मिळते, याने पडला. पुस्तक तिने निवडायचं, मी मधे बोलायचं नाही, असा करार आहे. सुरुवातीला नुसती चित्रं पाहून परत करायची. मी बोललो नाही.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. तिच्या बाबाच्या शाळेच्या दिवसांतले अंक आम्ही काढले. बाबा लहानपणी काय वाचायचा, याची चौकशी तिला अभ्यासापेक्षा फार रंजक वाटते.

दिघा, आता कॉलेजात

मी पालक नाही, पण लिहितो. आई घरकाम करायची, बाबा रबाळे एमआयडीसीत कंत्राटी. आईला सहीपुरतं लिहिता येतं. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ती मला प्रत्येक विषय बोटाने दाखवून मोठ्याने वाचायला लावायची. खोटं वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं. माझी हिंमत झाली नाही.

आठवीत सरांनी एनएमएमएसचा फॉर्म भरायला सांगितला. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, आठवीत परीक्षा होते, मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईने कामावर खाडे केले, पगार कापून घेतला. मला म्हणाली, "कागद माझ्यावर सोड, तू पेपर बघ." बौद्धिक क्षमता चाचणीत आकृत्यांचे प्रश्न असतात, ते आम्ही चौघं मित्र समाजमंदिरात बसून सोडवायचो. घरात एकच खोली, आणि तिथे टीव्ही. परीक्षेच्या आधी आईने केबल काढून टाकली. मालिका बघायला शेजारी जाऊन बसायची, मला सांगायची भाजी आणायला जाते. मला माहीत होतं.

पालकांना एवढंच सांगेन, आठवीत मूल असेल तर शाळेत जाऊन ह्या परीक्षेचं विचारा. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी माहीतच नव्हतं.

नेरूळ, पालक-शिक्षक संघ

दिघ्याच्या दादा, आईला नमस्कार सांगा.

खासगी शाळांतल्या पालकांसाठी थोडक्यात. राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडले जातात. शुल्कवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. माझं नाव सोडतीत निघालं. बहुतेक पालक नाव द्यायलाच घाबरतात, "मुलाला त्रास देतील" म्हणून. मला तसा अनुभव आला नाही. फीच्या आकड्यांवर रात्री उशिरापर्यंत वाद झाले, ते झालेच. पण समितीत बसल्यामुळे हेही कळलं की वाचनालयाचा तास परीक्षेच्या सरावाला दिला जातोय. तो परत मिळवला. फीपेक्षा मला त्याचंच जास्त समाधान आहे.

प्राथमिक शिक्षिका, कळवा

सगळं वाचलं. आमच्या बाजूने तीन गोष्टी, तास सुरू व्हायच्या आत लिहिते.

घरात काही घडलं असेल, आजी गेली, बाबांची नोकरी गेली, घर बदललं, तर आम्हाला एका ओळीत कळवा. मूल अचानक का बिघडलं ते शोधण्यात आमचे आठवडे जातात.

गृहपाठ तुम्ही केलेला लगेच ओळखू येतो. दुसरीतलं मूल 'तथापि' लिहीत नाही.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं धोरण आहे. आम्ही वेळापत्रक देतो, तरी मुलं सगळंच आणतात, कारण घरून सांगितलेलं असतं, "असू दे, लागलं तर." रात्री दप्तर त्यालाच भरू दे. एक-दोनदा वही विसरेल. विसरू दे.

तुर्भे, नवीन सदस्य

वागळे इस्टेटच्या ताई, तुमचं वाचून झोप उडाली. माझी मुलगी तिसरीत आहे, अगदी असंच आहे. थेट सायनला जायचं का? बरोबर काय काय न्यायचं?

वागळे इस्टेट, ठाणे

आधी शाळेत जा आणि वर्गशिक्षिकेकडून पत्र घ्या: मूल वर्गात कसं वाचतं, कसं लिहितं, कुठे अडतं. ते नसेल तर पहिली खेप बहुतेक वाया जाते. सोबत आधार कार्ड, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि चष्मा किंवा कानाचे काही कागद असतील तर ते. सकाळी लवकर निघा, ओपीडीला रांग असते. मुलीला खाऊ आणि चित्रांचं पुस्तक घ्या. आणि वह्या न्याल त्या रोजच्या, खाडाखोडीच्या न्या. घरी बसवून नीट उतरवून घेतलेल्या नकोत, त्यांना चुकाच बघायच्या असतात. तिला आधी सांगून ठेवा की तिथे सुई टोचत नाहीत. आमचा पहिल्या दिवशी त्याच भीतीने जिन्यातच बसून राहिला होता.