वाटणीच्या दाव्यात एआयने दिलेला निकाल सापडेना

प्रश्न (अंबाजोगाईचा ज्युनिअर वकील):
मुलीच्या हिश्श्याचा दावा आहे. रात्री एआयला विचारलं, त्यानं संभाजीनगर खंडपीठाचे तीन निकाल दिले. दोन सापडले. तिसरा दोन दिवस झाले शोधायलोय, कुठंच नाही. उद्या युक्तिवाद आहे. वापरू का?

उत्तर 1 (परभणी):
अजिबात नको. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी एआयने रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला. तुम्हाला सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, 2020 हा निकाल पुरे. 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे मुलींना समान हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मानंच आहे. ई-एससीआरवर (सुप्रीम कोर्टाच्या निकालांची वेबसाइट) फुकट मिळतो. मूळ निकाल पूर्ण वाचा, एआयचा सारांश नको.

उत्तर 2 (लातूर, 22 वर्षं दिवाणी काम):
मला वेगळी काळजी आहे. दाव्याची कागदं एआयमध्ये टाकली का? सातबारा, आधार, बँक पासबुक?

प्रश्नकर्ता:
हो सर, सगळी फाईलच.

उत्तर 2:
मग आधी ती चॅट आणि फाईल काढून टाका, सेटिंगमध्ये तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरणं बंद करा. पक्षकारानं विश्वासानं दिलेली माहिती जपणं हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नं आपल्यावर बंधनकारक आहे. यापुढं नावं, गट नंबर काढून फक्त कायद्याचा मुद्दा विचारा. तुमच्या पक्षकार बाईला पण आज फोन करून खरं सांगा. पासबुक गेलंय, म्हणून ओटीपी कुणालाच देऊ नका म्हणावं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्नकर्ता:
तिसरा निकाल युक्तिवादातून वगळला. आता त्यांना फोन लावतो.